आउटलुकमधलं फोल्डर, डी ड्राइव्हवरच्या फाइली आणि जुनी मराठी पत्रं सर्चमध्ये का सापडत नाहीत?

प्रश्न शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसातून आलाय. तिथं खरेदी आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या ताई लिहितात की, आउटलुकमध्ये पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या नावाचं फोल्डर होतं आणि तीन-चार वर्षांचे पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), त्यावरची सगळी बोलाचाली त्यात होती. आता ते फोल्डर दिसत नाही आणि नाव टाकून शोधलं तरी येत नाही. डी ड्राइव्हवरची टेस्ट सर्टिफिकेटं आणि मराठी पत्रंही विंडोजच्या सर्चमध्ये येत नाहीत. कुठंतरी वाचून त्यांनी इंडेक्स दोनदा रीबिल्ड केला. फरक पडला नाहीच, उलट आधी सापडणारे मेलही आता सापडेनात. ऑडिट तोंडावर आहे.

ताई, सगळ्यात आधी तिसऱ्यांदा रीबिल्ड करू नका. कोल्हापुरातल्या ऑफिसांमधले कॉम्प्युटर सांभाळत मला वीस वर्षं झाली आणि या तक्रारीत सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो याच बटणामुळे.

विंडोजचा सर्च सहसा तुमची डिस्क धुंडाळत नाही, तो एक नोंदवही वाचतो. तुमच्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर असतं, तसंच. पत्र कपाटात असेल, पण रजिस्टरला चढवलेलं नसेल, तर रजिस्टर बघणारा माणूस "असं पत्र आलेलं नाही" असंच सांगणार. या नोंदवहीला इंडेक्स म्हणतात. ती सी ड्राइव्हवर असते आणि विंडोज सर्च नावाची सर्व्हिस मागच्या मागं ती लिहीत राहते. रीबिल्ड म्हणजे ही वही फाडून पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेणं. मेल भरपूर असतील तर त्याला काही तास लागतात, कधी पूर्ण दिवस-रात्र जाते. संध्याकाळी मशीन बंद करून तुम्ही घरी गेलात, सकाळी पुन्हा रीबिल्ड दाबलं, की अर्धी लिहिलेली वही पुन्हा फाटली. सापडणारे मेल सापडेनासे झाले ते यामुळेच. ते मेल कुठंही गेलेले नाहीत.

आता फोल्डरकडे येऊ, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय.

आउटलुकचा शोध मेल शोधतो. डावीकडच्या यादीतल्या फोल्डरचं नाव शोधण्याचं काम त्या वरच्या चौकटीचं मुळातच नाही. म्हणून गिऱ्हाइकाचं नाव टाकल्यावर त्या नावाचे मेल येतील, फोल्डर येणार नाही. आणि अशी गायब झालेली फोल्डरं दहापैकी नऊ वेळा पुसलेली नसतातच. यादीत वर-खाली करताना माउसचं बटण दाबलेलं राहतं आणि फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसतं. वरून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

शोधायची खात्रीची युक्ती अशी. त्या फोल्डरमध्ये नक्की असलेला एक मेल आठवा. शोधाच्या चौकटीशेजारी व्याप्ती निवडायची यादी असते, तिथं 'करंट फोल्डर' असेल तर 'ऑल मेलबॉक्सेस' करा आणि तो मेल शोधा. सापडला की डबल क्लिक करून त्याच्या स्वतंत्र खिडकीत उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, एफ एकत्र दाबा. 'ॲडव्हान्स्ड फाइंड'ची खिडकी येईल. त्यात 'ब्राउज' दाबलं की फोल्डरांचं पूर्ण झाड उघडतं आणि तो मेल ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावरच खूण असते. आई-फोल्डर कोणतं ते बघून ठेवा, मग डावीकडच्या यादीत ते उघडून तुमचं फोल्डर उचलून जागेवर आणा. ज्यांना मेलसुद्धा आठवत नाही त्यांनी कंट्रोल आणि वाय दाबावं. 'गो टू फोल्डर'ची यादी येते आणि तिथं एकेक शाखा उघडून बघता येते. 'डिलीटेड आयटम्स'च्या डावीकडे छोटा बाण दिसत असेल तर त्याच्याही पोटात बघा.

यानंही मिळालं नाही तर दोन शक्यता मी तपासतो. पहिली ऑटोआर्काइव्हची. ते चालू असेल तर जुने मेल आउटलुक आपणहून 'आर्काइव्ह' नावाच्या वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल साठवतं ती फाइल) हलवतं आणि तिथं त्याच नावाची फोल्डरं तयार करतं. ती फाइल आउटलुकमध्ये उघडलेली नसेल तर तिच्यातलं काहीच शोधात येत नाही. फाइल मेनूतल्या 'ओपन अँड एक्स्पोर्ट'मधून ती उघडावी लागते. दुसरी शक्यता आयमॅप खात्यांची, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून आउटलुकमध्ये दाखवणाऱ्या खात्यांची. तिथं फोल्डर सर्व्हरवर शाबूत असतं, पण आउटलुक त्याला 'सबस्क्राइब' नसल्यामुळे ते दाखवत नाही. खात्याच्या नावावर राइट क्लिक करून 'आयमॅप फोल्डर्स'मध्ये जा, 'क्वेरी' दाबा, यादीत ते आलं तर सबस्क्राइब करा. नवा कॉम्प्युटर घेतल्यावर "माझी निम्मी फोल्डरं गेली" म्हणून जे फोन येतात, त्यातले बरेच इथं मिटतात.

हे सगळं जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकचं झालं. वरच्या उजव्या कोपऱ्यातलं 'न्यू आउटलुक'चं बटण कुणी चालू केलं असेल, तर त्याचा शोध विंडोजच्या इंडेक्सवर चालत नाही, मेल सर्व्हरवर चालतो. तिथं तुम्ही शंभर वेळा रीबिल्ड केलं तरी त्याला पत्ता लागणार नाही. कोणतं आउटलुक वापरताय ते बघूनच पुढची वाट धरा. थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वाट आणखी वेगळी. एकच फोल्डर बिघडलं असेल तर त्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. सगळ्याच मेलांचा शोध बिघडला असेल तर थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलमधली (तो तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरमधली) 'ग्लोबल-मेसेजेस-डीबी' ही फाइल काढून बाजूला ठेवा. पुन्हा सुरू केल्यावर तो ती नव्यानं तयार करतो.

मेल सापडत नाहीत, फाइली सापडत नाहीत, अशा तक्रारीला मी हात घालतो तो एका चाचणीनं, आणि ही चाचणी तुम्ही स्वतः दहा मिनिटांत करू शकाल. नोटपॅडमध्ये असा एक शब्द लिहा जो तुमच्या कामकाजात कुठंच येणार नाही. मी 'खापरपोळी' लिहितो. ती फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, तीच डी ड्राइव्हवरच्या कामाच्या फोल्डरमध्येही ठेवा. मग तोच शब्द वर्डच्या एका फाइलमध्ये लिहून तीही दोन्हीकडे ठेवा. फाइलींच्या नावात मात्र तो शब्द नको, नाहीतर नावावरून सापडलं की मजकुरावरून ते कळणार नाही. चहा घेऊन या आणि स्टार्टशेजारच्या चौकटीत 'खापरपोळी' शोधा. डॉक्युमेंट्समधल्या सापडल्या आणि डीवरच्या नाहीत, तर अडचण जागेची आहे. नोटपॅडची सापडली आणि वर्डची नाही, तर अडचण फाइलीच्या प्रकाराची. काहीच सापडलं नाही, तर बहुधा सर्व्हिसच बंद असेल. मेललाही हाच न्याय. कालचा, मागच्या महिन्यातला आणि तीन वर्षांपूर्वीचा, असा डोळ्यांना समोर दिसणारा एकेक मेल घ्या आणि त्याच्या विषयातला वेगळा शब्द शोधा. कुठवर सापडतंय आणि कुठून पुढं नाही, ते कळलं की निम्मं काम झालं.

तुमच्या वर्णनावरून मला जागेचीच शंका आहे. आपल्याकडे कॉम्प्युटर घेताना डिस्कचे दोन भाग करून देतात, सी मध्ये विंडोज आणि डी मध्ये कामाच्या फाइली. विंडोज उडालं तरी काम वाचावं, हा त्यामागचा विचार चांगला आहे. पण विंडोजचा इंडेक्स मुळात तुमचं स्वतःचं डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप एवढंच घर ओळखतो. डी ड्राइव्ह त्याच्या गावीही नसतो. 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' उघडा (स्टार्टमध्ये तेच नाव टाका), 'मॉडिफाय' दाबा आणि डीवरच्या कामाच्या फोल्डरला टिक करा. त्याच यादीत 'मायक्रोसॉफ्ट आउटलुक'ला टिक आहे का तेही बघा, कारण ती नसेल तर मेलची नोंदच होत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'एन्हान्स्ड' नावाचा पर्याय आहे, तो पूर्ण कॉम्प्युटर इंडेक्समध्ये घेतो. मी ऑफिसच्या मशीनवर तो सहसा लावत नाही. नको त्या हजारो फाइली वहीत शिरतात, आणि आपल्याला हवी असलेली चार फोल्डरं तर हातानं टिक करता येतात.

टिक करूनही डीवरच्या फाइलींचा मजकूर येत नसेल तर त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' उघडा. फाइलींच्या मजकुराचं इंडेक्सिंग होऊ द्यायचं की नाही, याची एक चौकट तिथं असते. जुन्या डिस्कवरून उचलून आणलेल्या फोल्डरांमध्ये ती रिकामी असलेली मी पाहिली आहे. आणि फाइली दुसऱ्या मशीनवर असतील, म्हणजे अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवरचं शेअर केलेलं फोल्डर तुम्ही झेड ड्राइव्ह म्हणून वापरत असाल, तर ते फोल्डर तुमच्या मशीनच्या यादीत टिकच करता येत नाही. ज्या मशीनवर ते प्रत्यक्ष आहे तिथल्या इंडेक्समध्ये ते घ्यावं लागतं. पीएसटी फाइल मात्र अशा नेटवर्कच्या जागेवर कधीही ठेवू नका. मायक्रोसॉफ्टचाच त्याला पाठिंबा नाही आणि बिघडलेल्या पीएसटी माझ्याकडे येतात त्यातल्या पुष्कळ अशाच ठेवलेल्या असतात.

मेलच्या चाचणीत वर्षभरापर्यंतचे सापडले आणि त्याआधीचे नाही, असं झालं तर खात्याच्या सेटिंग्जमधली 'मेल टू कीप ऑफलाइन'ची (नव्या आवृत्त्यांत 'डाउनलोड ईमेल फॉर द पास्ट'ची) पट्टी बघा. ती एक वर्षावर असेल तर त्याआधीचे मेल तुमच्या मशीनवर उतरलेलेच नाहीत, मग ते इथल्या वहीत कुठून येणार? ऑडिटपुरती ती पट्टी 'ऑल'वर न्या आणि सगळं उतरेपर्यंत वाट बघा. असाच प्रकार वनड्राइव्हचा. ज्या फाइलीशेजारी ढगाचं चिन्ह आहे ती फक्त नावापुरती तुमच्याकडे आहे. नाव सापडेल, आतला मजकूर नाही. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून ठेवा.

टेस्ट सर्टिफिकेटांचं दुखणं बहुधा निराळं आहे. तुमच्याकडे लॅबमधून कागद येतो, तुम्ही तो स्कॅन करता आणि पीडीएफ म्हणून ठेवता. ती पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो असतो. तुम्हाला त्यात हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) दिसतो, कॉम्प्युटरला ठिपके दिसतात. तपासायला सोपं आहे. पीडीएफ उघडून त्यातला एखादा शब्द माउसनं निवडून बघा. शब्द निवडता आला नाही तर आत मजकूर नाही. २०१९ च्या पुरानंतर कित्येक ऑफिसांनी कपाटातले कागद घाईघाईनं स्कॅन करून घेतले. फार शहाणपणाचं काम होतं ते, पण ते सगळे फोटोच राहिले. अशा फाइली ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं सॉफ्टवेअरकडून वाचून मजकुरात बदलून, घ्याव्या लागतात. इंग्रजी छापील मजकुरावर ओसीआर चांगला चालतो. हातानं लिहिलेल्या आकड्यांवर मी विसंबत नाही. म्हणून माझा आग्रह नावावर असतो. स्कॅन केल्या केल्या फाइलीच्या नावातच तारीख, गिऱ्हाईक आणि हीट नंबर घाला. ड्रॉइंगलाही तेच, कारण ऑटोकॅडच्या फाइलीतला मजकूर विंडोज मुळात वाचत नाही. नावांवरून शोधायचं असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचं एक छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कवरची फाइलींची मूळ यादीच वाचतं, त्यामुळे टाइप करता करता निकाल येतो. उद्यमनगरातल्या ज्या ज्या वर्कशॉपमध्ये मी ते बसवलं, तिथं ड्रॉइंग शोधण्यासाठी कुणी मला पुन्हा बोलावलं नाही.

आणि आता मराठी पत्रं. यावर थोडं जास्त लिहितो, कारण याचं उत्तर इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही मदतीच्या पानावर मिळत नाही.

तुमच्या ऑफिसातली दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पत्रं श्रीलिपी, आकृती किंवा सुरेख अशा फाँटांमध्ये टाइप झालेली असणार. ग्रामपंचायतीला, एमआयडीसीला, महावितरणला लिहिलेली सगळी. या जुन्या फाँटांत पडद्यावर 'कोल्हापूर' दिसतं, पण फाइलीत ती अक्षरं रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं म्हणून साठवलेली असतात. फाँट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. तुम्ही आज युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, 'कोल्हापूर' टाइप करून शोधता, तेव्हा त्या फाइलीत तो शब्द खरोखरच नसतो. खात्री करायची तर पत्रातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवा. मराठीच दिसली तर युनिकोड आहे. रोमन अक्षरं, कंस, टिंबं यांचा गोंधळ दिसला तर जुना फाँट आहे. नोटपॅडमधला तो गोंधळ कॉपी करून शोधात टाकण्याची युक्ती काही जण सांगतात. कधी चालते, पण भरवसा नाही. मराठीतली काही अक्षरं तिथं विरामचिन्हांच्या जागी बसवलेली असतात आणि इंडेक्स नेमका विरामचिन्हावर शब्द तोडतो.

उपाय एकच, पत्रं युनिकोडमध्ये बदलून घेणं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण तुमच्या नेमक्या फाँटाचाच हवा. मूळ फाइलींना हात न लावता बदललेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिली वीस पत्रं डोळ्यांनी वाचून बघा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडं होतात. हजारो पत्रं असतील तर सगळी बदलत बसू नका. करार, ठराव, परवाने आधी घ्या. बाकीच्यांना फाइलीच्या नावात युनिकोड मराठी किंवा इंग्रजी विषय लिहिला तरी काम चालतं.

युनिकोडमध्ये असलेली पत्रंसुद्धा का निसटतात, तेही सांगतो. 'ॲ' दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक सबंध अक्षर, दुसरा 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, साठवणीत निरनिराळे. 'ऱ्य'चंही तसंच, 'कार्य'मधला नव्हे, 'सुऱ्या'तला. त्यामुळे 'ॲग्रीमेंट' किंवा 'कर्मचाऱ्यांना' हा शब्द कुणी कोणत्या कीबोर्डनं टाइप केला यावर तो सापडणं ठरतं. आकडेही बघा, मराठी '२०२१' आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल ही शोधाच्या लेखी वेगळी अक्षरं आहेत. आणि शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, मधून नाही. 'पूर' टाकून 'कोल्हापूर' येण्याची आशा धरू नका. आपल्या भाषेत तर शब्द विभक्तीत रूप बदलतो. 'कोल्हापूर'चं 'कोल्हापुरात' होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, 'मागणी'चं 'मागण्या' होतं. म्हणून मी 'कोल्हाप', 'माग' असा न बदलणारा पुढचा भाग तेवढा टाकतो आणि शंका असेल तर दुसऱ्या खुणेनं, म्हणजे तारखेनं किंवा पाठवणाऱ्याच्या नावानं निकाल गाळून घेतो.

हे सगळं जागेवर बसलं की मग एकदाच रीबिल्ड करा, आणि ते असं करा. आधी सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज सर्च' चालू आहे आणि तिचा स्टार्टअप 'ऑटोमॅटिक'वर आहे हे बघा. मशीन जलद व्हावं म्हणून काही ठिकाणी ती बंद करून देतात. सी ड्राइव्हवर जागा मोकळी असू द्या. 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मधल्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'फाइल टाइप्स'खाली पीडीएफ आणि वर्डच्या समोर मजकुरासह इंडेक्स करण्याचा पर्याय आहे ना ते तपासा. मग शनिवारी संध्याकाळी रीबिल्ड दाबा, आउटलुक उघडं ठेवा, मशीन झोपणार नाही असं पॉवरचं सेटिंग करा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा. पडदा तेवढा बंद करा. सोमवारी सकाळी आउटलुकमध्ये शोधाच्या चौकटीत क्लिक केलं की वर 'सर्च टूल्स'मध्ये 'इंडेक्सिंग स्टेटस' येतं. तिथं किती नोंदी बाकी आहेत ते दिसतं. शून्य असेल तर झालं. आकडा कमी होत असेल तर होऊ द्या.

आकडा दोन-तीन तास एकाच ठिकाणी अडून बसला तर एखादी पीएसटी बिघडलेली असण्याची शक्यता मी आधी धरतो. आउटलुक बंद करा, त्या पीएसटीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच आउटलुकसोबत येणारं 'स्कॅनपीएसटी' त्यावर चालवा. ते मूळ फाइलीतच बदल करतं, म्हणून प्रतीशिवाय कधीच नाही. पीएसटी किती मोठी झाली आहे तेही त्याच वेळी बघून घ्या. आउटलुक २०१० पासून तिची नेहमीची मर्यादा ५० जीबी आहे. त्याच्या जवळपास गेली असेल तर वर्षवार वेगळ्या फाइली करा आणि त्या सगळ्या आउटलुकमध्ये उघड्या ठेवा, म्हणजे शोधातही येत राहतील.

ऑडिटला वेळ कमी असेल तर क्रम असा धरा. आज कंट्रोल-शिफ्ट-एफनं फोल्डर शोधून जागेवर आणा आणि डी ड्राइव्हला टिक करा, रीबिल्ड शनिवारवर ठेवा. ऑडिटर मागतील तेवढ्याच वर्षांची सर्टिफिकेटं नावं बदलून घ्या. मराठी पत्रांचं रूपांतर ऑडिटनंतर निवांत करा.